नोटमध्ये ‘इन्टॉक्सिकेटेड’ लिहिलं आणि आता झोप लागत नाहीये

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी मैत्रीण वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. शिक्षण मराठीतून झालंय, कामाच्या सगळ्या नोंदी मात्र इंग्रजीत. एका दुपारी तिथले एक आजोबा अडखळत बोलायला लागले, चालताना तोल जायला लागला, मधेच असंबद्ध काहीतरी बोलत होते. तिला वाटलं, हे तर प्यायल्यासारखे करताहेत. पण ‘ड्रंक’ लिहायला बरं वाटेना, म्हणून फोनवर समानार्थी शब्द शोधले आणि शिफ्टच्या नोटमध्ये ‘इन्टॉक्सिकेटेड अँड बीम्यूज्ड’ असं लिहिलं. पुढच्या शिफ्टच्या सीनियर नर्सने सगळ्यांसमोर विचारलं, कशाने इन्टॉक्सिकेटेड? दारू कोणी दिली? की औषध जास्त गेलं? तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं, आजोबा आता बरे आहेत. पण घरच्यांनी ती नोट वाचली आणि ते दुखावलेत, कारण आजोबा आयुष्यात कधी दारूला शिवलेले नाहीत. तिचं म्हणणं, ताई, माझं इंग्रजीच कच्चं आहे, कोर्स लावू का, या सगळ्या शब्दांत नेमका फरक काय, घरच्यांशी मी बोलू का आणि मी या कामाच्या लायक तरी आहे का, की नोकरीच सोडू?

मैत्रिणी,

सगळ्यात आधी हे, की आजोबा नेहमीसारखे नाहीयेत हे त्या दुपारी तुझ्या लक्षात आलं आणि तू ते लिहून ठेवलंस. रोजच्या धावपळीत कित्येकदा हेच राहून जातं, म्हातारं माणूस आहे, करतं असं कधीकधी, असं म्हणून लोक पुढे जातात. तू गेली नाहीस. त्यामुळे लायक आहे का नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेव, त्याच्याकडे शेवटी येऊ.

पण तुला बरं वाटावं म्हणून मी ‘एका शब्दाने काय होतंय’ असंही म्हणणार नाही, कारण होतं. समोरचा माणूस प्यायलाय असं एकदा डोक्यात बसलं की पुढचा माणूस काय करतो? झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल, असं म्हणतो. आजोबांना गरज होती ती कोणीतरी लगेच तपासण्याची. त्यामुळे सीनियरने ‘कशाने?’ हे तातडीने विचारलं ते अगदी बरोबर होतं. सगळ्यांसमोर विचारायची गरज नव्हती, तुला बाजूला घेऊनही विचारता आलं असतं, ते तुला लागलंय आणि लागणं साहजिक आहे. पण प्रश्न योग्य होता.

आता तुझ्या पत्रात तू एक गोष्ट धरूनच चालली आहेस, की माझं इंग्रजी कच्चं आहे. मला ते पटत नाहीये. तू जे वाक्य लिहिलंस ते व्याकरणाने बरोबर होतं, शब्दही खरे होते आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा घाईत हेच लिहू शकला असता. चूक वेगळ्या जागी आहे. तू तीन गोष्टी पाहिल्यास, जीभ अडखळतेय, तोल जातोय, बोलण्याला संदर्भ नाही. आणि लिहिलीस चौथीच, जी तू पाहिलीच नव्हतीस, म्हणजे कारण. मनात मराठीत तू काय म्हणालीस बघ, ‘प्यायल्यासारखे’ करताहेत. त्या ‘सारखे’मध्ये सगळा सावधपणा होता, इंग्रजीत जाताना नेमका तोच गळला. आणि ‘अपीअर्ड इन्टॉक्सिकेटेड’ लिहिलं असतं तरी फार फरक पडला नसता, कारण वाचणाऱ्याचं लक्ष ‘अपीअर्ड’वर राहत नाही, दारूवर जातं.

दुसरी समजूत अशी दिसतेय, की मोठा लॅटिन वळणाचा शब्द वापरला की तो सभ्य होतो. ‘ड्रंक’ तोंडावर मारल्यासारखा वाटतो म्हणून ‘इन्टॉक्सिकेटेड’. पण हा शब्द उलट जास्त जड आहे, तो पोलिसांच्या रिपोर्टातला, कोर्टातला, कायद्यातला शब्द आहे. त्याच्या पोटात विष आहे, अक्षरशः, कारण लॅटिनमध्ये ‘टॉक्सिकम’ म्हणजे विष आणि त्याच्याही मागे ग्रीकमध्ये बाणाला लावायचं विष. म्हणून दवाखान्याच्या भाषेत ‘इन्टॉक्सिकेशन’ फक्त दारूचं नसतं, लिथियमसारख्या औषधाचं असतं, फार कमी वेळात अति पाणी प्यायल्याने होतं त्यालाही ‘वॉटर इन्टॉक्सिकेशन’ म्हणतात. आता सीनियरचा प्रश्न परत वाच. औषध जास्त गेलं का हे तिने तुला टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, तुझा शब्द तिला तेच सांगत होता. ‘इनीब्रिएटेड’ लिहिलं असतंस तर निदान औषधांची शंका आली नसती, तो दारूपुरताच आहे, पण आरोप तोच राहिला असता.

मग तुझ्या फोनने हे सगळे शब्द एका खाली एक का दाखवले? तर समानार्थी कोशाचा तो स्वभावच आहे, तो नातेवाईक एकत्र उभे करतो, कोण कुठे राहतो ते सांगत नाही. आणि इंग्रजीत दारू आणि गोंधळ यांचं नातं खरंच जुनं आहे. ‘फडल’ या क्रियापदाचा सोळाव्या शतकातला अर्थ होता दारू ढोसणं, त्यातून नंतर ‘बीफडल्ड’ आला आणि आज बीफडल्ड म्हणजे डोक्यात धुकं झालेला, दारू असेल किंवा नसेलही. ‘मडल’चं नातं मड म्हणजे चिखलाशी, पाणी गढूळ करणं, मग दारूने डोकं गढूळ होणं आणि आता नुसताच घोळ, कागदांचा, तारखांचा, हिशोबाचा. तुझ्या ‘बीम्यूज्ड’चंही तेच, अलेक्झांडर पोप या कवीने १७३५ मध्ये छापलेल्या एका कवितेत बिअरने ‘बीम्यूज्ड’ झालेला पाद्री आहे.

मला यातला सगळ्यात आवडतो तो ‘ग्रॉगी’. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन ‘ग्रोग्रॅम’ नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा कोट घालायचे म्हणून खलाशी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणायचे, १७४० मध्ये त्यांनी हुकूम काढला की खलाशांना रम नुसती न देता पाणी घालून द्यायची, त्या पातळ रमचं नाव पडलं ग्रॉग आणि ती पिऊन डुलणारा तो ग्रॉगी. आज या शब्दात रमचा थेंबही उरलेला नाही. झोपेतून उठल्यावरची जडशीळ अवस्था, भूल उतरतानाची, तापातली, सर्दीच्या गोळीनंतरची, थोडक्यात आपली गुंगी. तू ग्रॉगी लिहिलं असतंस तर कोणाच्या भुवया वर गेल्या नसत्या. मात्र तेही आजोबांना लागू नव्हतं, कारण ग्रॉगी माणूस मंद असतो, भलतंच बोलेल असं नाही.

म्हणजे शब्द एकेकाळी शेजारी होते, पुढे घरं बदलली. त्यामुळे अर्थ पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचार. हा शब्द नुसती अवस्था सांगतो की कारणही चिकटवतो? आणि यात माणसाचं डोकं धूसर झालंय, की डोकं अगदी स्वच्छ आहे, फक्त समोरची गोष्ट अवघड आहे?

या दुसऱ्या प्रश्नावर अर्धे शब्द आपोआप वेगळे होतात. ‘पझल्ड’, ‘परप्लेक्स्ड’, ‘बॅफल्ड’ ही सगळी स्वच्छ डोक्याची माणसं. पझल्ड म्हणजे कोड्यात पडलेला, विचार चालू आहे, कदाचित सुटेल. परप्लेक्स्डमध्ये जरा काळजी मिसळलेली, दोन्ही बाजू दिसताहेत आणि वाट सापडत नाहीये. बॅफल्ड म्हणजे हात टेकले, काहीच लागत नाहीये. मोठमोठे डॉक्टर एखाद्या केसने बॅफल्ड होतात, त्यात त्यांच्या शुद्धीबद्दल कोणाला शंका नसते. ‘बीविल्डर्ड’ मधला, त्यात ‘वाइल्ड’ आहे, रानात चुकल्यासारखा, एकदम खूप काही अंगावर आलं आणि माणूस भांबावला. नवीन जागी आलेले आजी-आजोबा पहिल्या दिवशी बीविल्डर्ड असू शकतात आणि तरी त्यांना तारीख, वार, मुलाचं नाव सगळं ठणठणीत ठाऊक असतं.

दुसऱ्या बाजूला धूसर डोक्याचे शब्द. ‘डेझ्ड’ म्हणजे फटका बसल्यावरचा सुन्नपणा, डोक्याला मार लागून किंवा वाईट बातमी ऐकून. ‘वूझी’ म्हणजे गरगरल्यासारखं, पाय हलके, मळमळेल की काय असं. ‘ॲडल्ड’ मुळात नासलेल्या अंड्याला म्हणायचे, माणसाच्या डोक्याला लावला की अपमान होतो, तो नोटमध्ये कधीच नको. ‘स्टूपिफाइड’ म्हणजे बधिर झालेला, हालचाल-प्रतिसाद जवळजवळ नाही, पण बोलण्यात तो ‘थक्क झालो’ म्हणूनही वापरतात, तेव्हा तोही नको.

आणि बीम्यूज्ड तर मी म्हणेन तू कायमचा सोडून दे, कुठेही. जुना अर्थ गोंधळलेला, पण आज खूप लोक तो ‘अम्यूज्ड’सारखा वाचतात, म्हणजे गंमत वाटून गालात हसणारा. दोन वाचणारे दोन अर्थ काढणार, असा शब्द मेडिकल नोटमध्ये सोड, साध्या मेलमध्येसुद्धा धोक्याचा. तुझी नोट वाचून आजोबांच्या मुलीला कदाचित वाटलं असेल की आमचे वडील प्यायले होते आणि मजेत होते. तिला किती लागलं असेल बघ.

दारूचेच शब्द बघायचे तर त्यांना अंतच नाही, बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्ये आपल्या पेपरात प्यायलेल्या माणसासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांची यादी छापली होती, त्यात २०० हून जास्त होते, तेही तेव्हा. तुला कामापुरतं एवढं पुरे. ‘टिप्सी’ म्हणजे नुसती झिंग, बोलणं-चालणं ठीक. ‘मेरी’ ब्रिटिश बोलण्यात तसाच, खुशीत आलेला. ‘ड्रंक’ म्हणजे प्यायलेला, साधा सरळ शब्द, त्याच्यात शिवी नाही, पण तो ठाम दावा आहे. ‘ड्रंकन’ सहसा नामाच्या आधी येतो, ‘अ ड्रंकन मॅन’, आणि ‘द मॅन वॉज ड्रंक’, हे दोन्ही त्या एका वेळेपुरते. ‘ड्रंकर्ड’ मात्र दारुडा, तो त्या माणसाच्या सगळ्या आयुष्यावर शिक्का मारतो. ‘हंगोव्हर’ म्हणजे दुसऱ्या दिवशीचा त्रास, तेव्हा तो प्यायलेला नसतो. ‘मॉडलिन’ म्हणजे पिऊन रडवेला, हळवा झालेला, तो येशूच्या गोष्टीतल्या मेरी मॅग्डलीनच्या नावावरून आला, चित्रांत ती रडताना दाखवायचे म्हणून.

दोन जागी मात्र हमखास पाय घसरतो. ‘पिस्ड’ ब्रिटनमध्ये प्यायलेला आणि अमेरिकेत चिडलेला, आणि दोन्हीकडे जरा शिवराळच. आणि ‘टायर्ड अँड इमोशनल’, हे वाचायला किती निष्पाप वाटतं, दमलेला आणि भावुक, पण ब्रिटिश पत्रकारितेत १९६०च्या दशकात जॉर्ज ब्राऊन या मंत्र्यांच्या निमित्ताने ते ‘प्यायलेला होता’ असं थेट न लिहिता सुचवण्यासाठी रूढ झालं. एखाद्या दमून रडलेल्या आजींबद्दल तू हे अगदी मनापासून लिहिशील आणि वाचणारा भलतंच समजेल. तिथे ‘टायर्ड अँड टिअरफुल’ लिही, झालं.

आता तुझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा शब्द, जो तुला इतका साधा वाटला की तू तो वापरलाच नाहीस. ‘कन्फ्युज्ड’. आपण तो मराठीत दिवसातून पाच वेळा म्हणतो, दोन ड्रेसमध्ये मी कन्फ्युज्ड आहे वगैरे, म्हणून तो फालतू वाटतो. पण हॉस्पिटलच्या भाषेत तो मोजमापाचा शब्द आहे. १९७४ मध्ये ग्लासगोमधल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजायची पट्टी मांडली, ग्लासगो कोमा स्केल, एकूण गुण ३ ते १५. त्यात बोलण्याचे ५ गुण. माणसाला आपण कोण, कुठे, साल-महिना कोणता हे नीट सांगता आलं तर पूर्ण ५. संभाषण करतोय, वाक्यं बोलतोय, पण उत्तरं चुकताहेत, तर ४, आणि त्या ४ चं नाव आहे ‘कन्फ्युज्ड’. संभाषणच होत नाही, सुटे सुटे शब्द येताहेत, तर ३, नुसते आवाज तर २, काहीच नाही तर १. म्हणजे तू ‘कन्फ्युज्ड’ लिहितेस तेव्हा वाचणाऱ्या नर्सच्या डोळ्यासमोर एक बऱ्यापैकी नेमकं चित्र उभं राहतं.

त्याच्या आधी ‘न्यू’ लावलं तर तो शब्द आणखी मोठ्याने बोलतो. ब्रिटनमध्ये रुग्ण बिघडतोय का हे ओळखायची न्यूज-टू नावाची पद्धत आहे, २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती आली तेव्हा ‘न्यू कन्फ्युजन’ मुद्दाम घातलं गेलं आणि त्याला एकट्याला ३ गुण ठेवले, म्हणजे बाकी नाडी-ताप सगळं ठीक असलं तरी तेवढ्यावर लगेच कोणीतरी येऊन बघायचं. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते विचारून घे, पण नवीन गोंधळ म्हणजे धोक्याची खूण हे सगळीकडे सारखंच. कारण विसराळूपणा वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेला तर ते डिमेन्शियाकडे जातं, आणि सकाळी नीट असलेला माणूस दुपारी भलतंच बोलायला लागला तर ते ‘डिलिरियम’, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं वातात बरळतोय म्हणायची. डिलिरियम या शब्दाचा मूळ अर्थही सुंदर आहे, लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराची तास, शेतात ओढलेली सरळ रेघ, आणि ‘डी’ म्हणजे सोडून, तास सोडून नांगर भरकटला. डिलिरियम कमीजास्त होत राहतो, तासाभरापूर्वी ठीक आणि आता नाही, म्हणून पुढच्या शिफ्टला आजोबा नीट बोलले तरी तुझी नोंद खोटी ठरत नाही. आणि डिलिरियममध्ये सगळेच आरडाओरडा करत नाहीत, काही जण अगदी गप्प, पेंगुळलेले होतात, ते तर सहज सुटतात नजरेतून.

वृद्धांमध्ये इन्फेक्शनने हे होतं हे तू आता पाहिलंसच. पण प्यायल्यासारखं दिसायला लावणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, रक्तातली साखर एकदम उतरणं, पक्षाघात, डोक्याला मार, सोडियम कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं, नवीन सुरू झालेली गोळी. डायबेटिसच्या एका गंभीर अवस्थेत श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो आणि लोक तो दारूचा समजतात. बॉक्सर लोकांना डोक्यावर मार खाऊन खाऊन जी अवस्था यायची तिला तर नावच ‘पंच ड्रंक’ पडलं होतं, १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी याच नावाने त्यावर लेख लिहिला, तिथे दारूचा संबंधच नाही.

आणि समजा एखाद्याने खरंच प्यायली असेल, तरी त्याच वेळी तो पडून डोक्याला लागलेलं असू शकतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर साधारण दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरणं, भास होणं, भ्रम होणं सुरू होतं, ‘डिलिरियम ट्रेमन्स’ म्हणतात, जिवावर बेतू शकतं. तेव्हा त्याच्या अंगात दारू नसते, हाच तर त्रास असतो. अशा माणसाबद्दल ‘ड्रंक’ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला नेमकं उलट्या दिशेला पाठवणं.

मग लिहायचं कसं? त्या दुपारची नोट मी अशी लिहिली असती. ‘दुपारी सव्वातीनला बोलणं अडखळत होतं. नाव विचारल्यावर बरोबर सांगितलं. आत्ता कुठे आहात विचारल्यावर ऑफिसमध्ये म्हणाले. महिना सांगता आला नाही. खोलीतून बाहेर येताना दोनदा भिंतीला हात टेकला. सकाळी दहाला पेपर वाचून दाखवत होते, तेव्हा ठीक होते. पडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. नर्सला साडेतीनला सांगितलं.’ हे सगळं इंग्रजीत शाळेतल्या शब्दांत होतं. ‘स्पीच स्लर्ड’, ‘अनस्टेडी ऑन फीट’, ‘न्यू कन्फ्युजन सिन्स धिस आफ्टरनून’, बस. यात कुठे दारू नाही, कुठे आरोप नाही, आणि डॉक्टरला हवं ते सगळं आहे. वास आला तर वास लिही, ‘स्मेल ऑफ अल्कोहोल ऑन ब्रेथ’. ते स्वतः म्हणाले की दोन ग्लास घेतले, तर ‘ही सेड’ लावून त्यांचेच शब्द लिही. निष्कर्ष काढणं तुझ्यावर नाही आणि ते ओझं घेऊही नकोस. आणि एवढा बदल दिसला की नोटवर थांबायचं नाही, तिथल्या तिथे तोंडी सांगायचं, शिफ्ट संपायची वाट न बघता.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडं बाजूचं. ऑफिसात कोणाची तक्रार लिहायची वेळ आली, तो पार्टीत प्यायला होता वगैरे, तिथेही हेच, काय बोलला, कसा चालत होता, किती वाजता, कोणी पाहिलं. ‘ड्रंक’ शब्द तुम्ही लिहिला की वाद त्या शब्दावर होतो, वागणं राहतं बाजूला. मेलमध्ये ‘आय ॲम कन्फ्युज्ड बाय युवर मेसेज’ लिहिलं की इंग्रजीत तो बऱ्याचदा सौम्य तक्रारीसारखा वाजतो, की तुमचंच काहीतरी चुकलंय. खरंच कळलं नसेल तर नेमका कुठला भाग कळला नाही तो विचारावा. आणि ‘आय ॲम कन्फ्युजिंग’ आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्याचा अर्थ होतो की मी लोकांना गोंधळात पाडते. आपण गोंधळलो तर कन्फ्युज्ड, गोंधळात पाडणारी गोष्ट कन्फ्युजिंग. पझल्ड-पझलिंग, बॅफल्ड-बॅफलिंग सगळीकडे तसंच.

आता घरच्यांचं. आधी ती नोट. खोडू नकोस, बदलू नकोस, कितीही मोह झाला तरी, कारण खोडलेली नोंद लपवाछपवीसारखी दिसते. मॅनेजरला विचारून खाली आजची तारीख-वेळ घालून दुरुस्तीची नोंद जोडता येते, की मूळ नोटमधला शब्द चुकीचा वापरला गेला, दारू घेतल्याचं किंवा वास आल्याचं काहीही दिसलं नव्हतं, प्रत्यक्षात हे हे दिसलं होतं. ही नोंद घरच्यांसाठी माझ्या दृष्टीने माफीइतकीच मोलाची, कारण त्यांच्या वडिलांच्या कागदावर ते वाक्य आता एकटं राहणार नाही.

बोलायचं का? हो, पण एकटीने नाही आणि कॉरिडॉरमध्ये गाठून तर नाहीच. मॅनेजरला सांग की मला त्यांच्याशी बोलायचंय, तुम्ही सोबत असा. आणि बोलताना ‘माझं इंग्रजी चांगलं नाही हो’ इथून सुरुवात करू नकोस, प्लीज. त्याने त्यांना तुझी कीव येईल किंवा काळजी वाटेल की वडिलांना बघणाऱ्यांना भाषाच येत नाही, आणि ते खरंही नाहीये. सरळ सांग, त्यांचं बोलणं आणि तोल बदललेला मला दिसला, मी त्यासाठी चुकीचा शब्द लिहिला, त्यातून तुमच्या वडिलांबद्दल जे सूचित झालं त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतंय, नोंद दुरुस्त केलीय. एवढंच. ते लगेच विरघळले नाहीत तर विरघळू देत हळूहळू, त्यांच्याही मनात वडिलांच्या आजारपणाची भीती होती आणि त्या शब्दामुळे ती भीती रागातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं त्यांच्याशी बोल, टाळू नकोस.

सीनियरकडेही जा. सगळ्यांसमोर झालं ते मला लागलं, हे शांतपणे सांगायचा तुला हक्क आहे, आणि त्याच बैठकीत तिच्याकडून एक गोष्ट मागून घे, तिला चांगल्या वाटणाऱ्या चार-पाच जुन्या नोट्स. नावं झाकून दाखवायला सांग. तुमच्या जागेचे शब्द, तुमच्या फॉर्मची पद्धत तिथे सापडेल, कुठल्याही कोर्समध्ये सापडणार नाही. कोर्स लावायचाच असेल तर जनरल स्पोकन इंग्लिशचा नको, केअरच्या नोंदी लिहिण्याचं ट्रेनिंग बऱ्याच संस्था स्वतःच्या स्टाफला देतात, ते आहे का विचार. समानार्थी कोश फोनवरून काढायची गरज नाही, फक्त तिथे सापडलेला शब्द थेट लिहायचा नाही, आधी शिकणाऱ्यांसाठी असलेल्या साध्या डिक्शनरीत त्याची उदाहरणाची वाक्यं वाचायची. चार वाक्यांत तीनदा पोलीस आले तर समजायचं, हा आपल्या कामाचा शब्द नाही.

आणि लायकीचं. नोकरी सोडायचा विचार तुझ्या पत्रात शेवटच्या ओळीत आलाय, पण मला वाटतं तूच तो सगळ्यात जास्त वेळ उराशी धरून बसली आहेस. सोडू नकोस, निदान या कारणासाठी तर नाहीच. दुरुस्तीची नोंद या आठवड्यात कर, आणि पुढच्या शिफ्टला आजोबांना भेटशील तेव्हा नाव, जागा, महिना सहज गप्पांत विचारून ते आज कसे आहेत ते लिहून ठेव. पुढे कधी दुपारी पुन्हा काही बदललं तर ते कशाशी ताडून बघायचं ते त्या नोंदीत असेल.

तुझी ताई